लाल शाईची रेघ आणि ४०५

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीच्या तिसऱ्या खंडात ७३१९ हा क्रमांक आहे. त्या ओळीवर लाल शाईची एक आडवी रेघ आहे, पट्टी लावून मारलेली. रेघेखालचं सगळं वाचता येतं. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत बारा रुपये. शेवटच्या 'शेरा' रकान्यात बारीक अक्षरात 'गहाळ, सभा ठराव क्र. ६' आणि सही.

मी ग्रंथपाल बाईंना सहज विचारलं, "बाई, हा क्रमांक रिकामाच आहे ना? नवीन पुस्तकाला देऊन टाकू या का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, दाखल क्रमांक एकदा दिला की दिला. पुस्तक गेलं तरी क्रमांक जात नाही. खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. रेघ मारायची, कारण लिहायचं आणि सही करायची. उद्या कुणी विचारलं, ७३१९ कुठंय, तर सांगता आलं पाहिजे ना आपल्याला?"

वाचनालयाच्या नोंदी संगणकावर आणायचं काम मी तेव्हा हाती घेतलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी त्यासाठी आधीच्या तीन रविवारांत लिहिलेला बराचसा कोड बाजूला ठेवला. नोंद काढून टाकायचं बटण, त्यामागचा मार्ग, सगळंच. हे का केलं आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं, ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

थोडं मागचं. मी पुण्यात हिंजवडीला नऊ वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचं, काम केलं. २०२० साली सोलापूरला परत आले, आणि आता घरूनच तेच काम करते. हे वाचनालय माझ्या लहानपणचं. शुक्रवार पेठेतल्या घरून शाळेत जाताना वाटेत लागायचं. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. बाई, शिपाई मामा आणि एक अर्धवेळ मदतनीस, एवढाच कर्मचारीवर्ग. दाखल नोंदवहीचे पाच खंड, शेवटचा क्रमांक ११,२८४. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर कारभार चालतो.

मी हे काम हाती घ्यायच्या आधीही तिथे 'संगणकीकरण' दोनदा झालं होतं. एकदा एक्सेलच्या तक्त्यात, तोही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) तो फॉन्ट ज्या मशीनवर होता ती बंद पडली आणि उरली ती फक्त रोमन अक्षरांची भेंडोळी. दुसऱ्यांदा कुणीतरी बसवून दिलेलं सॉफ्टवेअर, ज्याचा पासवर्ड देणारा माणूसच पुढे सापडेना. दोन्ही वेळा नोंदवह्यांनीच तारलं. त्यामुळे मी तिसऱ्यांदा हा विषय काढला तेव्हा बाई पटकन हो म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी आमचं ठरलं की वह्या लिहिणं थांबवायचं नाही. संगणकावरचं काम वहीच्या सोबतीनं चालेल, वहीच्या जागी नाही.

मामांना एपीआय म्हणजे काय ते मी देवघेवीची खिडकी दाखवून सांगितलं. वाचक कपाटांपर्यंत जात नाही. तो खिडकीत चिठ्ठी देतो, आतला माणूस पुस्तक आणून देतो किंवा 'बाहेर गेलंय' म्हणतो. चिठ्ठी कशी लिहायची हे ठरलेलं असतं, उत्तरही ठरावीकच असतं. स्क्रीनवरचा फॉर्म हा वाचक, डेटाबेस म्हणजे कपाटं आणि मधली खिडकी म्हणजे एपीआय. मामा म्हणाले, "मग खिडकीत बसणारा मानूस चांगला पायजे की." अगदी तसंच आहे. पुढचं सगळं त्या खिडकीत बसणाऱ्याबद्दलच आहे.

मांडणी साधी ठेवली. वाचनालयात चार जीबी रॅमचा एक जुना संगणक होता, त्यावर लिनक्स टाकलं. डेटाबेस एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेला हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे एका वेळी दोन माणसं फार तर काम करतात, तिथे याहून मोठं काही आणायची गरजच नव्हती. एपीआय पायथॉन या भाषेत, फास्टएपीआय हे त्यासाठीचं तयार साधन वापरून. त्याचा एक फायदा मला फार आवडतो. आपण मार्ग, म्हणजे एकेका कामासाठीचे एपीआयचे पत्ते, लिहीत गेलो की त्यांचं माहितीपान आपोआप तयार होतं आणि तिथूनच प्रत्येक मार्ग चालवून बघता येतो. सुट्टीत मदतीला आलेल्या बीसीएच्या दोन मुलींनी सुरुवातीच्या नोंदी त्याच पानावरून केल्या, फॉर्म तयार व्हायच्या आधीच.

नोंदवहीचे रकाने जसेच्या तसे डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, आले: दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक, वर्गांक, शेरा. पुण्यात असते तर 'शेरा' हा रकाना मी मोडून त्याचे पाच नीटनेटके रकाने केले असते. पण वह्या चाळल्यावर दिसलं की खरा इतिहास त्या शेऱ्यांमध्येच आहे. 'वाळवी, पृ. ४० ते ५२ नाहीत.' 'देणगी, वडिलांच्या स्मरणार्थ.' 'पुन्हा बांधणी.' शेरा मोकळाच ठेवला, आणि 'स्थिती' हा एक ठरावीक रकाना शेजारी वाढवला: उपलब्ध, बाहेर, बांधणीला, गहाळ, बाद.

आता ते ४०५. वेबवर नोंदींशी बोलायच्या क्रिया ठरलेल्या आहेत. गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे नवी नोंद कर, पॅच म्हणजे थोडं बदल, डिलीट म्हणजे काढून टाक. नोंदींचं कुठलंही ॲप शिकवताना या चारही एका दमात लिहायला शिकवतात आणि आपणही सवयीनं लिहितो. मी पुस्तकांच्या मार्गावर डिलीट ठेवलंच नाही. एखाद्या पुस्तकावर कुणी डिलीट पाठवलंच, तर सर्व्हर ४०५ हा ठरलेला आकडा उत्तर म्हणून देतो, म्हणजे ही क्रिया इथे चालत नाही. तेवढ्यावर न थांबता डेटाबेसमध्येच एक ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा नियम, लावला, की पुस्तकांच्या टेबलातली ओळ काढायचा प्रयत्न झाला तर तो तिथेच रद्द व्हावा. उद्या माझ्या जागी दुसरं कुणी येईल, थेट डेटाबेस उघडेल, तरी ओळ जाणार नाही.

पुस्तक बाद करायचं तर पॅच पाठवायचं: स्थिती 'बाद', सोबत ठराव क्रमांक आणि कारण. ही दोन्ही नसतील तर विनंती परत. आणि प्रत्येक बदलाची एक ओळ 'घडामोडी' या वेगळ्या टेबलात जाते. कुणी, कधी, आधी काय होतं, आता काय आहे. ही आमची लाल रेघ. पडद्यावर बाद पुस्तकाच्या नोंदीवर आम्ही खरोखरच लाल आडवी रेघ दाखवतो, अक्षरं वाचता येतील अशी. बाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही बोलल्या नाहीत, फक्त ७३१९ काढून दाखव म्हणाल्या.

नोंदी भरायला सात महिने लागले. एका नोंदीला सरासरी दीड मिनिट धरलं तरी ११,२८४ नोंदींचे दोनशे ऐंशीहून जास्त तास होतात. पाठीवरची चिकटपट्टी गळून पडलेल्या पुस्तकांचा क्रमांक शोधायला बाई पुस्तक उघडून थेट एका ठरावीक पानावर जायच्या. तिथे शिक्का आणि क्रमांक असतो. ग्रंथालयांत याला गुप्त पान म्हणतात. आमचं कोणतं ते इथे लिहीत नाही.

याच काळात मराठीनं मला पुन्हा शाळेत बसवलं. एका मुलीनं भरलेली पुस्तकं दुसरीला शोधून सापडेनात. नावात 'किनाऱ्यावर', 'दऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द असले की हमखास. पडद्यावर दोन्हीकडे अक्षर एकसारखं दिसत होतं. मी अक्षरांचे क्रमांक छापून बघितले तेव्हा कळलं. एकीच्या कळफलकावरून ऱ हे स्वतंत्र अक्षर येत होतं, युनिकोडमधलं ०९३१. दुसरीच्या कळफलकावरून साधा र, मग हलन्त आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह येत होतं. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब जोडलेला, र आणि ऱ एक करतं, पण हा जोडचिन्हाचा प्रकार तसाच सोडतं. तेव्हा खिडकीतच नियम केला. आत येणारा प्रत्येक मजकूर आधी एनएफसीतून जाईल, मग 'र, हलन्त, जोडचिन्ह' दिसलं की तिथे 'ऱ, हलन्त' बसेल, आणि नंतरच तो कपाटात ठेवला जाईल. शोधासाठी येणाऱ्या शब्दालाही तेच. हे फॉर्ममध्ये करून भागत नाही, कारण फॉर्म उद्या बदलेल, मोबाइलवरून वेगळा येईल. खिडकी मात्र एकच राहते.

अकारविल्हे यादीतही असंच झालं. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष तर क च्या पोटात जाऊन बसतो. बाईंनी छापील यादी हातात घेतल्या घेतल्या बोट ठेवलं, "क्ष इथे कसा आला?" त्यासाठी क्रम लावायची वेगळी किल्ली प्रत्येक नावासोबत साठवावी लागली. आणि आकड्यांचं तर उलट सुख मिळालं. बाई दाखल क्रमांक मराठी आकड्यांतच लिहितात. पायथॉनला '४३१२' असं लिहून दिलं तर तो ते सरळ आकडा म्हणून घेतो, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट घेत नाही. म्हणून क्रमांक अक्षर म्हणूनच खिडकीपर्यंत येतो आणि तिथे आकडा होतो. बाईंना सवय बदलावी लागली नाही.

मधल्या काही अडचणी लवकर सुटल्या. फॉर्म संगणकाच्या एका पोर्टवर, म्हणजे एका दारावर, आणि एपीआय दुसऱ्यावर, म्हणून ब्राउझर कॉर्सच्या, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानानं दुसऱ्या पत्त्याकडून माहिती घेण्याबद्दलच्या, नियमावर बोट ठेवून उत्तर अडवत होता. नेटवर पुष्कळ जण 'सगळ्यांना परवानगी द्या' असा तोडगा सांगतात. तो आम्ही वापरला नाही. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे बसवून फॉर्म आणि एपीआय एकाच पत्त्यावर आणले, आणि प्रश्नच मिटला. चुकांचे संदेश मराठीत लिहिले. 'अवैध विनंती' असं न म्हणता 'हा दाखल क्रमांक नोंदवहीत नाही.'

एका संध्याकाळी एकच पुस्तक एकाच सभासदाच्या नावावर दोनदा गेलेलं दिसलं. वायफाय मंदावलं होतं, मदतनीस मुलानं बटण दाबलं, काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं. यात त्याची चूक काहीच नव्हती. आता फॉर्म उघडतानाच प्रत्येक देवघेवीला दुसऱ्या कुठल्याही देवघेवीशी न जुळणारा एक क्रमांक मिळतो, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर एपीआय नवी नोंद न करता पहिलीच परत दाखवतो. शिवाय डेटाबेसमध्ये अट घातली, की ज्या देवघेवीत परतीची तारीख रिकामी आहे अशी ओळ एका पुस्तकाला एकच असू शकते. दुसरी आली तर ४०९, म्हणजे आधीच्या नोंदीशी विरोध, आणि संदेश: 'हे पुस्तक आधीच बाहेर आहे.'

तारखेची चूक मात्र माझी होती, आणि ती मनाला लागली.

आमच्याकडे एक आजोबा येतात. मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सकाळी आठला मामा कुलूप काढतात तेव्हा ते पायरीवर असतात. त्या दिवशी त्यांनी पुस्तक परत दिलं आणि पडद्यावर एक रुपया दंड आला. मामांनी मागितला. आजोबांनी पुस्तक उघडून मागची तारीखपट्टी दाखवली. मामांच्याच शिक्क्यानं त्यावर १५ तारीख उमटलेली होती, आणि आज १५ होती. पडद्यावर १४.

"शिक्का तुमचा, तारीख तुमची," आजोबा शांतपणे म्हणाले. "तीस वर्षं लोकांची हजेरी लावली मी. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर माणसाचा पगार कापला जायचा."

बाईंनी मला फोन केला. मी ऑफिसची मीटिंग सोडून गेले. कारण सापडायला दहा मिनिटं लागली. फॉर्ममधली दिनदर्शिका १५ तारखेची मध्यरात्र देत होती, आपल्या वेळेप्रमाणे. मी ती जागतिक प्रमाण वेळेत बदलून पाठवत होते. आपण जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत, म्हणजे आपली १५ ची मध्यरात्र तिकडे १४ ची संध्याकाळ साडेसहा. त्यातली पहिली दहा अक्षरं तेवढी मी तारीख म्हणून ठेवत होते. प्रत्येक परतीची तारीख एक दिवस आधीची साठली होती. रबरी शिक्का बरोबर होता.

आता आमच्या एपीआयमध्ये परतीची तारीख ही नुसती तारीख आहे. वर्ष, महिना, दिवस. तिला वेळ चिकटलेली नाही आणि ती कधी वेळेच्या यंत्रातून जात नाही. वेळ लागते ती फक्त घडामोडींच्या टेबलाला.

दुरुस्ती करताना दोन ओळींच्या आज्ञेनं सगळ्या तारखा एक दिवस पुढे नेता आल्या असत्या आणि कुणाला कळलंही नसतं. पण मला त्या लाल रेघेची आठवण होती. चुकलेल्या तेवीस देवघेवींपैकी प्रत्येकीची घडामोड लिहिली: आधी काय, आता काय, कारण 'तारीख साठवण्यातील चूक'. नऊ जणांकडून दंड घेतला गेला होता. बाईंनी पावतीपुस्तक काढून नऊ परतीच्या नोंदी केल्या आणि नऊ जणांना एकेक रुपया दिला. आजोबांचा रुपया घेतलाच नव्हता, तरी मी त्यांना भेटून काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्यांचं केलंत ना?"

बॅकअपचंही सांगते, कारण इथे मी वेळीच सावध झाले. वेगासाठी मी एसक्यूलाइटची जी पद्धत निवडली होती, तीत तो ताज्या नोंदी शेजारच्या एका जोडफाइलमध्ये आधी लिहितो. मी रोज रात्री फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेत होते. एका रविवारी ती घरी उघडून बघितली, तर शनिवार संध्याकाळच्या देवघेवी त्यात नव्हत्या. आता डेटाबेसची स्वतःची बॅकअप आज्ञा रात्री सव्वाआठ वाजता चालते, आणि दर रविवारी मी ती प्रत खरोखर उघडून शेवटची नोंद वहीशी ताडून बघते. पेनड्राइव्ह दोन आहेत, त्यातला एक बाईंच्या घरी असतो.

शेवटचा विषय सभासदांचा. इथे मला वाटत होतं की नियम तोच, काहीच पुसायचं नाही. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी कपाटातून एक लाकडी ट्रे काढला. त्यात जुनी वाचक-तिकिटं होती, पुठ्ठ्याची, खिशासारखी. पुस्तकातलं कार्ड काढून त्या खिशात घालायचं आणि तारखेच्या मागे लावून ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. नीना ब्राउन यांनी १८९५ साली काढलेली ही पद्धत. आमच्याकडे ती कितीतरी वर्षं चालली.

"यात बघ," बाई म्हणाल्या, "पुस्तक परत आलं की कुणी नेलं होतं ते कुठेच उरत नाही. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक एक बाई इथे बसून वाचायची आणि मग घरी न्यायची. तिचं नाव कुठे उरावं, असं मला कधी वाटलं नाही. पुस्तकाची नोंद कायमची गं, माणसाची नाही."

मी त्यावर दोन रात्री विचार केला. अनुदानाच्या अहवालाला रोजच्या देवघेवीची संख्या लागते, नावं लागत नाहीत. तेव्हा पुस्तक परत आलं, मामांनी पानं तपासली आणि दंड असला तर तो भरला गेला, की त्या ओळीतला सभासद क्रमांक रिकामा होतो. ओळ राहते, माणूस जातो. हे करताना लक्षात आलं की घडामोडींच्या टेबलातही प्रत्येक देवघेवीसोबत सभासद क्रमांक जात होता. एका दारानं काढून दुसऱ्या दारानं ठेवण्यासारखंच ते. तोही काढला. सभासदांची पूर्ण यादी देणारा मार्ग एपीआयमध्ये नाहीच. एकेक क्रमांक विचारावा लागतो, आणि तोही फक्त बाईंच्या लॉगिननं.

गेल्या शनिवारी आजोबांनी एक पुस्तक परत केलं. मामांनी पानं उलटून बघितली, बटण दाबलं. मी शेजारी बसून घरून आणलेल्या लॅपटॉपवर ती ओळ बघत होते. दाखल क्रमांक होता, नेल्याची तारीख होती, परतीची तारीख होती. सभासदाचा रकाना रिकामा झाला.

आता कन्नड कपाट राहिलंय. चारेकशे पुस्तकं आहेत. जुन्या ग्रंथपालांनी त्यांची नावं वहीत कानाला ऐकू आली तशी देवनागरीत लिहिली आहेत, आणि दोघांनी लिहिलेली एकाच पुस्तकाची नावं जुळत नाहीत. टेबलात मूळ लिपीतल्या नावाचा एक रकाना वाढवलाय. बाईंना कन्नड वाचता येतं, मला येत नाही. त्या पुस्तक हातात घेऊन वाचणार आणि मी भरणार. येत्या रविवारी बसायचं ठरलंय, त्यांच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी यायचं नसेल तर.